सरसकट पाठशुद्धि आणि कागदांची साक्ष

ऐतिहासिक कागदांची नक्कल वहींत उतरून ठेवणारे संग्राहक आतां विरळा झाले आहेत. बहुतेकांच्या घरीं एक विंडोज संगणक असतो. रुमालास एक फोल्डर व कागदास एक टेक्स्ट फाइल, असा हिशेब धरून मोडी वाचीत वाचीत नक्कल बालबोधींत टंकित होते. ही व्यवस्था चांगली आहे. साधी टेक्स्ट फाइल कोणत्याहि यंत्रावर उघडते, आणि तिच्यांत अक्षरांखेरीज दुसरें कांहीं नसल्यामुळें तिचें आयुष्यहि पुष्कळ असतें. परंतु फाइली शेकड्यांनीं जमल्या म्हणजे संग्राहकास एक मोह पडतो. एकच चूक दोनशें ठिकाणीं दिसली तर ती दोनशें वेळां हातानें कां सुधारावी? एका चौकटींत जुना शब्द, दुसरींत नवा शब्द, तिसरींत फोल्डराचें नांव लिहावें, एक कळ दाबावी, आणि क्षणार्धांत सगळें दफ्तर शुद्ध व्हावें.

या कृतीस पुढें ‘सरसकट बदल’ असें म्हटलें आहे. तिच्या सोयीविषयीं पुष्कळ बोललें जातें. तिच्या योगानें कागदाच्या साक्षीचें काय होतें याचें परीक्षण करावें, एवढाच या लेखाचा हेतु. मी तिचा द्वेष्टा नाहीं. मीं स्वतः ती अनेकवार केली आहे, आणि तिच्यामुळें माझ्या संग्रहाचें जें नुकसान झालें तेंच प्रथम सांगतों.

एका घराण्याकडून कांहीं दिवसांच्या बोलीनें मिळालेला पत्रांचा रुमाल मीं व माझ्या एका साहाय्यकानें मिळून उतरून घेतला. साहाय्यक मोडींत नवा होता. रबिलावल व रबिलाखर या दोन महिन्यांचीं संक्षिप्त वळणें त्यास उलटीं लागलीं, आणि त्यानें उतरलेल्या सगळ्या पत्रांत एका महिन्याच्या जागीं दुसरा पडला. चूक एकविध होती, म्हणून ती एकदम दुरुस्त करावी असें मीं ठरविलें. त्याच्या फोल्डरावर पहिला हुकूम चालविला, ‘रबिलावल’ असेल तेथें ‘रबिलाखर’ करावें. लगेच दुसरा चालविला, ‘रबिलाखर’ असेल तेथें ‘रबिलावल’ करावें. वाचकांपैकीं जे सावध असतील त्यांच्या ध्यानांत माझी मूर्खता आलीच असेल. पहिल्या हुकुमानें दोन्ही महिने एक झाले, आणि दुसऱ्यानें ते एकजुटीनें परत फिरले. त्या फोल्डरांत रबिलाखर नांवाचा महिनाच उरला नाहीं. मधें एक तिसरें, कोठेंच न येणारें चिन्ह घालून बदल तीन टप्प्यांनीं करावयास हवा होता, हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. रबिलाखरचीं सगळीं पत्रें एक महिना मागें सरलीं आणि एका मोहिमेंतील हालचालींचा क्रम उलटासुलटा झाला. ही गोष्ट उघडकीस आली ती केवळ एका पत्रांत तिथीबरोबर ‘मंदवार’ असा वारहि लिहिलेला होता म्हणून. जंत्रीशीं वार जुळेना, तेव्हां संशय आला. तोंपर्यंत रुमाल परत गेला होता.

आतां साधनांकडे पाहूं. विंडोजबरोबर येणारा नोटपॅड एका वेळीं एकाच फाइलींत बदल करतो. त्यामुळें त्याच्या हातून होणारा अपराधहि एका फाइलीपुरताच राहतो. डॉन हो यांनीं २००३ मध्यें प्रसिद्ध केलेला नोटपॅड++ हा मुक्त कार्यक्रम मात्र सबंध फोल्डर, व सांगितल्यास त्याच्या पोटांतील सर्व फोल्डर, एका दमांत पालथे घालतो. त्याच्या पलीकडे विंडोजमध्येंच असलेलें पॉवरशेल आहे. तेथें चौकटी नाहींत, हुकूम लिहून द्यावा लागतो. या परंपरेचा पूर्वज शोधूं गेल्यास ली मॅकमहॉन यांनीं १९७३-७४ मध्यें बेल प्रयोगशाळेंत रचलेल्या ‘सेड’ या कार्यक्रमाकडे जावें लागतें. ओळी एका बाजूनें आंत जातात, नियमाप्रमाणें बदलून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतात, आणि मधें मनुष्यानें त्या पाहाव्या अशी अपेक्षाच नाहीं. पुढील साधनांनीं हाच स्वभाव उचलला आहे.

नोटपॅड++ मधील एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. उघड्या फाइलींत केलेला बदल मागें घेतां येतो. फोल्डरावर चालविलेला सरसकट बदल थेट तबकडीवर लिहिला जातो, आणि ज्या फाइली उघड्या नव्हत्या त्यांच्यापुरता तो मागें घेण्याची सोय नाहीं. कार्यक्रम एकदां विचारतो खरा, कीं निश्चय आहे ना? परंतु निश्चय सर्वांचाच असतो. त्याच खिडकींत ‘सर्व शोधा’ अशी दुसरी कळ आहे. ती दाबल्यास कोणत्या फाइलींत, कोणत्या ओळींत शब्द आला आहे त्याची यादी खालीं उमटते, आणि कोणतेंहि अक्षर बदलत नाहीं. ती यादी डोळ्यांखालून घातल्यावांचून जो पुढची कळ दाबतो, त्यानें संपादन केलें असें म्हणतां येणार नाहीं.

या कृतीचा मुख्य दोष पाठचिकित्सेच्या दृष्टीनें असा आहे. जुना लेखक नकलतांना चुकत असे, पण तो ठिकठिकाणीं निरनिराळ्या प्रकारें चुकत असे. एका पानावर अक्षर गाळी, दुसऱ्यावर ओळ दोनदां लिही. त्याच्या शेजारचा नकलकार वेगळ्या जागीं चुके. या विस्कळितपणामुळेंच प्रतींची तुलना करून मूळ पाठाकडे जातां येतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आदिपर्व विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३३ मध्यें पुरें केलें, तें सगळें या तत्त्वावर उभें आहे. आणि सुमित्र मंगेश कत्रे यांनीं १९४१ मध्यें भारतीय पाठचिकित्सेवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यांतहि नकलकाराच्या प्रमादांचें वर्गीकरण याच हेतूनें केलें आहे. सरसकट बदल हा असा नकलकार आहे, कीं जो सर्व जागीं एकच चूक, एकाच रीतीनें, न थकतां करतो. त्याच्या चुकींत विसंगति नाहीं, म्हणून ती दिसत नाहीं. शिवाय चिकित्सक ज्या अवघड पाठास बहुमोल मानतो, तोच या कृतीस ‘अशुद्ध’ दिसतो आणि तोच सर्वांआधीं जातो. जुना लेखक अवघड शब्द सोपा करी तेव्हां दुसऱ्या प्रतींत तो शिल्लक राहण्याची आशा असे. येथें सर्व प्रति एका कळीनें सोप्या होतात.

उदाहरणें हिशेबी कागदांपासून घेतों, कारण तेथें नुकसान मोजतां येतें. जुन्या जमाखर्चांत ४। म्हणजे सवाचार, ४॥ म्हणजे साडेचार, आणि ४॥। म्हणजे पावणेपांच, हें संग्राहकांस सांगावयास नको. परंतु तींच उभीं दंडचिन्हें गद्यांत वाक्याच्या शेवटीं येतात व संक्षेपाच्या खुणेसाठींहि येतात. एखाद्या उत्साही संपादकानें ‘आधुनिक वाचकांसाठीं’ सर्व दंड पुसून पूर्णविराम घालण्याचा हुकूम दिला, तर पत्रें वाचावयास सोपीं होतील, आणि त्याच फोल्डरांतील ताळेबंदांत सवाचारांचे चार होतील. यंत्रास दोन्ही दंड सारखेच. हिशेबी कागदांत निदान एक बरें असतें, खालची बेरीज तक्रार करते. परंतु बेरजेचा आंकडा ज्या बंदावर होता तो बंदच गहाळ असेल तर?

येथेंच नियमांच्या क्रमाचा प्रश्न येतो. अपूर्णांक शब्दांत लिहून काढण्याचे नियम केले, आणि ‘॥’ चा ‘अर्धा’ हा नियम ‘॥।’ च्या आधीं चालविला, तर पाऊण या चिन्हाचें ‘अर्धा पाव’ असें कांहींतरी होतें. गंमत अशी कीं अर्धा आणि पाव मिळून पाऊणच होतें, म्हणून बेरीज चुकत नाहीं. वाचन मात्र बिघडतें. अशी सुदैवाची चूक नेहमीं होत नाहीं. लांब चिन्ह आधीं, आंखूड मागून, हा क्रम न चुकतां पाळावा.

दुसरें उदाहरण अनुस्वारांचें. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्यें व आणखी चार १९७२ मध्यें शासनमान्य झाले, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून गेले. त्यानंतरच्या कित्येकांस राजवाड्यांच्या १८९८ पासूनच्या खंडांसारखे जुने छापील ग्रंथ टंकून घेतांना ते नव्या वळणांत आणावेसे वाटतात, आणि हें काम सरसकट बदलावांचून कोण करणार? ‘नाहीं’ चें ‘नाही’ झालें तर इतिहास बुडत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु ‘नांव’ आणि ‘नाव’ पहा. एक मनुष्याचें अभिधान, दुसरी पाण्यांत तरणारी. आरमाराच्या कागदांत दोन्ही शब्द एकाच पानावर येतात. विभक्ति लागली कीं ‘नांवाचा’ व ‘नावेचा’ असा भेद पुन्हां उघड होतो. पण यादींत शब्दास विभक्ति क्वचितच लागते, आणि आरमाराचे कागद म्हणजे बहुशः याद्याच. ‘तों’ या अव्ययाचा ‘तो’ झाला म्हणजे वाक्यांत एक नवा पुरुष अवतरतो. ‘मीं’ व ‘मी’ यांतील भेदहि असाच जातो.

यावर कोणी म्हणेल, मोडींत अनुस्वार पुष्कळदां लिहीतच नसत. तेव्हां नकलेंतला अनुस्वार अस्सलांत नव्हताच, तो पुसला तर कोणाचें काय गेलें? आक्षेप बरोबर आहे, पण निष्कर्ष उलट निघतो. अस्सलांत नसलेला अनुस्वार ज्यानें घातला त्यानें कागद समोर ठेवून, मागचापुढचा संदर्भ पाहून, येथें अभिधान आहे, नौका नव्हे, असा निर्णय दिला होता. तो अनुस्वार त्याचा निर्णय आहे. तो पुसणारा मनुष्य कागद न पाहतां निर्णय रद्द करतो. (हा लेखहि जुन्या वळणानें लिहिला आहे. त्याच्यावर कोणी नव्या नियमांची कळ दाबली तर मागचा परिच्छेद निरर्थक होईल.)

संक्षेपांविषयीं फार लिहीत नाहीं. ‘रा॥’ हें पत्राच्या आरंभीं राजश्री असतें, साक्षीदाराच्या नांवापुढें राहणार, आणि पत्राच्या शेवटीं रवाना. ज्यास हें ठाऊक आहे तो संक्षेप सरसकट फोडणार नाहीं; ज्यास ठाऊक नाहीं त्यानें तो मुळींच फोडूं नये.

शब्दाचा तुकडा शोधण्याचा धोकाहि सर्वपरिचित आहे, तरी एक दोन नमुने देतों. छापील पानें यंत्राकडून वाचवून घेतल्यास ब आणि व यांची गल्लत होते, म्हणून कोणी ‘वाळ’ चें सरसकट ‘बाळ’ करूं जाईल तर बाळाजीपंत सुधारतील, पण वाळवा गांवाचा बाळवा होईल. ‘राव’ हा तुकडा ठरावांत आहे, सरावांत आहे, आणि पुराव्यांतहि आहे. यावर उपाय म्हणून ‘पूर्ण शब्दच शोधावा’ अशी सोय साधनांत असते, आणि इंग्रजी मजकुरापुरती ती विश्वासार्ह आहे. देवनागरींत तिचा भरंवसा धरूं नये. पॉवरशेलच्या ५.१ या आवृत्तींत शब्दसीमेची खूण घालून ‘राज’ हा शब्द शोधला, तर तो ‘राजेश्री’ यांत सांपडत नाहीं, ‘राजाराम’ यांत मात्र सांपडतो. कारण मोठें चमत्कारिक आहे. युनिकोडच्या वर्गवारींत एकारान्ताची मात्रा जागा न व्यापणाऱ्या चिन्हांत मोडते आणि काना जागा व्यापणाऱ्या चिन्हांत. त्या साधनानें पहिला वर्ग शब्दाचा भाग मानला, दुसरा मानला नाहीं. म्हणून त्याच्या दृष्टीनें ‘राजाराम’ यांतील जकारानंतर शब्द संपला. काना हें जणूं विरामचिन्ह. ‘राज’ च्या जागीं दुसरें कांहीं घालावयास सांगितलें तर छत्रपतींचें नांव मधोमध तुटतें. शब्दसीमेऐवजीं मागेंपुढें मोकळी जागा, विराम किंवा ओळीचा शेवट स्पष्ट मागावा, हें बरें.

आतां लिपिसंकेताची गोष्ट. सर्वांत दारुण नुकसान येथें होतें. युनिकोडांत देवनागरीस १२८ जागांचा एक गट दिला आहे, आणि यूटीएफ-८ या संकेतानें लिहितांना त्यांतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल याच संकेतांत, आरंभीं ओळखीची कोणतीहि अदृश्य खूण न घालतां, जतन करतो. त्याच विंडोजमध्यें असलेलें पॉवरशेल ५.१ मात्र खूण नसलेली फाइल जुन्या, यंत्राच्या ठरीव संकेतांतील समजून वाचतें. एकाच घरांतल्या दोन कारकुनांना एकमेकांचें अक्षर लागूं नये, असा हा प्रकार. वाचणाऱ्यास संकेत स्पष्ट न सांगतां, लिहितांना मात्र यूटीएफ-८ सांगितला, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागीं दोन-तीन विचित्र रोमन चिन्हें उमटतात. हा रोग साध्य आहे. उलट प्रयोग केला तर बहुधा मजकूर परत येतो. वाचतांना संकेत बरोबर सांगितला आणि ‘सेट-कंटेंट’ या हुकुमानें परत लिहितांना सांगावयाचा राहिला, तर देवनागरीस जुन्या संकेतांत जागाच नसल्यामुळें प्रत्येक चिन्हाच्या ठिकाणीं प्रश्नचिन्ह लिहिलें जातें. हा रोग असाध्य. प्रश्नचिन्हापासून अक्षर परत मिळत नाहीं. ओळी तितक्याच, शब्दांची लांबी तितकीच, आणि मजकूर शून्य; वाळवीनें खाल्लेल्या कागदांतहि याहून अधिक वाचतां येतें. पॉवरशेलच्या ६ व पुढील आवृत्तींत यूटीएफ-८ हाच गृहीत संकेत झाला आहे, पण त्या आवृत्त्या वेगळ्या बसवाव्या लागतात. विंडोजबरोबर आपोआप येतें तें ५.१ च.

याच साधनाचा आणखी एक उपसर्ग संग्राहकाला विशेष जाचतो. फोल्डरांतील प्रत्येक फाइल वाचून परत लिहावी, असा साधा हुकूम दिला तर ज्या फाइलींत शोधलेला शब्द नव्हता त्याहि पुन्हां लिहिल्या जातात, आणि सर्वांवर आजची तारीख व हीच वेळ पडते. कोणती नक्कल कोणत्या सालीं झाली, नकलकाराचा हात केव्हां सुधारला, हें ज्या तारखांवरून कळत होतें त्या एका क्षणांत सारख्या होतात. शोध लागला तरच लिहावें, अशी अट हुकुमांत घालणें अवघड नाहीं. पण ती घालणारे थोडे. ओळींच्या शेवटाविषयींहि असेंच. युनिक्स पद्धतीनें तुटलेल्या ओळी विंडोजचा नोटपॅड २०१८ पर्यंत एकाच लांब ओळींत दाखवीत असे, म्हणून कित्येकांनीं त्या आपल्या मनानें पुन्हां तोडल्या. आणि अस्सलाची कोणती ओळ कोठें संपते हें सांगणारी नक्कल तेवढ्यापुरती निकामी झाली.

इतकें सगळें लिहून मी सरसकट बदलाचा निषेध करणार, अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसें नाहीं. या कृतीवांचून चालणार नाहीं अशीं स्थळें आहेत, आणि तीं ओळखण्याची कसोटी मला पुढीलप्रमाणें दिसते. दोन पाठांतील भेद कागदावर आहे कीं केवळ यंत्रांत, हें प्रथम पाहावें.

‘ऱ्या’ हें अक्षर घ्या. कागदावर तें एकच आहे. यंत्रांत तें दोन रीतींनीं लिहितां येतें: रकार, हलन्त व अदृश्य सांधा, ही एक रीत, नुक्त्याचा ऱकार व हलन्त, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही सारखीं, पण ‘पायऱ्या’ हा शब्द एका रीतीनें शोधला तर दुसऱ्या रीतीनें टंकलेला सांपडत नाहीं. ‘अॅ’ चीहि गत तीच. २००८ मध्यें त्यास युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें, त्यापूर्वीं अकारावर चंद्र ठेवून तो लिहीत, आणि आजहि दोन्ही प्रकार चालतात. दंडाऐवजीं कळफलकावरची उभी रेघ टंकण्याची खोड पुष्कळांस असते. हे भेद कोणत्याहि फडांतल्या कारकुनानें केलेले नाहींत. ते सरसकट पुसावे, आणि पुसणें अवश्य आहे. त्यावांचून शोध अपुरा राहतो आणि अपुऱ्या शोधावरून ‘हा शब्द या दफ्तरांत नाहीं’ असें विधान छापलें जातें. उलट ‘सिवाजी’ व ‘शिवाजी’ हा भेद कागदावर आहे. तो लेखकाच्या बोलीची, शिक्षणाची, प्रांताची साक्ष आहे. त्यास एकेक ठिकाण पाहिल्यावांचून हात लावूं नये, आणि पाहिल्यावर बहुधा लावावासा वाटत नाहीं.

या दोहोंच्या मधें एक तिसरा वर्ग पडतो, आणि त्याविषयीं माझें मत अजून स्थिर नाहीं. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नसत. म्हणून नकलेंत ‘पाटिल’ कोठें व ‘पाटील’ कोठें असेल, तर तो भेद कागदाचाहि नाहीं व यंत्राचाहि नाहीं. तो नकलकाराचा आहे. तो एकसारखा करण्यास तत्त्वतः हरकत दिसत नाहीं. परंतु एका रुमालांत मोडी कागदांबरोबर बालबोध कागदहि असतात, आणि बालबोधींत ऱ्हस्वदीर्घ लेखकाचे स्वतःचे असतात. दोन्ही एकाच फोल्डरांत ठेवलेले असतील तर नियम दोघांसहि लागतो. निदान लिपीप्रमाणें फोल्डर वेगळे करावे, मग हा विचार करावा. अनुस्वाराविषयीं वर जें म्हटलें तें इकाराला कां लावीत नाहीं, असें कोणी विचारील. अनुस्वारानें अर्थ बदलतो आणि पाटिलाचा अर्थ बदलत नाहीं, एवढेंच माझें उत्तर. तें ‘दिन’ व ‘दीन’ यांपुढें टिकत नाहीं, हेंहि मला दिसतें.

शोधाच्या सोयीसाठीं एकरूप पाठ हवा, हा सरसकट बदलवाल्यांचा पक्ष मुळांत खरा आहे. त्यांचें चुकतें तें इतकेंच, कीं ही सोय ते अस्सल नकलेवरच उरकतात. दोन प्रति ठेवण्यास आतां कागद-शाई लागत नाहीं. पहिली, नकलकारानें दिली तशी, केवळ वाचण्यापुरती खुली असावी. दुसरी शोधप्रत, पहिलीवर नियम चालवून तयार केलेली, केव्हांहि टाकून पुन्हां करतां येईल अशी. आणि नियम स्वतंत्र फाइलींत, क्रमांकानें, तारखेनें व केल्याच्या कारणासह लिहिलेले असावे. जुने संपादक ग्रंथाच्या शेवटीं शुद्धिपत्र जोडीत, तें आणि ही नियमांची फाइल एकाच कामाचीं आहेत. एखाद्या नियमावर दुसऱ्या अभ्यासकाचा आक्षेप आला तर तेवढा काढून शोधप्रत पुन्हां बांधावी. बदल केल्यावर विनमर्ज या मुक्त कार्यक्रमांत दोन्ही फोल्डर समोरासमोर उघडले तर प्रत्येक फाइलींतील फरक रंगानें दिसतो. ओळी शंभर असोत कीं हजार, त्या वाचाव्याच. पहिल्या प्रतीस कोणाचा हात लागला नाहीं याची खात्री हवी असल्यास पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’ हा हुकूम प्रत्येक फाइलीची मुद्रा काढून देतो. ती एका यादींत लिहून वर्षांतून एकदां ताडून पाहावी. एक काना बदलला तरी मुद्रा साफ बदलते. जुन्या कागदांवरील मोर्तबाचें काम तें इमानानें करतें.

असो. वर सांगितलेल्या रुमालाची हकीकत पुरी करावयाची राहिली. चूक कळल्यावर मीं त्या घराण्याकडे गेलों तेव्हां वांटणी झाली होती आणि रुमालाचे दोन भाग झाले होते. एक भाग पाहावयास मिळाला. त्यांतील महिने अस्सलावरून दुरुस्त केले. दुसरा भाग कोणाकडे गेला याचा पत्ता लागला नाहीं. माझ्या एका स्नेह्याकडे त्या नकलांची प्रत मीं बदलाच्या पूर्वीं पाठविली होती, म्हणून आशा वाटली. परंतु साहाय्यकाची चूक सुधारण्यासाठीं माझी ती दोन हुकुमांची चिठ्ठीहि मींच त्यांना मागून पाठविली होती, आणि त्यांनीं ती विश्वासानें चालविली होती. त्यांची प्रत व माझी प्रत अक्षरशः जुळते. वार किंवा इतर प्रसंग ज्यांत आला आहे त्या पत्रांचा महिना अनुमानानें ठरला. उरलेल्या सात पत्रांपुढें, आमच्या यादींत, दोन्ही महिने लिहून ठेवले आहेत.